निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

—न्हाई न्हाई न्हाई साहेब, आधी खुर्चीवर बसा, मग रागवा. उभ्यानं राग लय चढतो. ती नगं, तिचा पाय हलतोय, ह्या लाल खुर्चीवर बसा. हां. आता दावा परत मोबाइल. व्हय, ह्यो फोटो आमच्याच दुकानातनं गेलाय — खाली एवढ्या मोठ्या अक्षरात 'धैर्य डिजिटल, कुंडल' लिव्हलंय, आता न्हाई कसं म्हणू? पर तुमच्या हापिसातनं कुणी काय फोडलेलं न्हाई. आईशप्पथ! 'सौ. क्रांतीताई यांची तासगाव कार्यालयात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' हे वाचलं, आन तुमच्या मालकास्नी वाटलं, अजून मुलाखतीबी झाल्या न्हाईत, मग हिला निकाल सांगितला कुणी, आत हिची वळख कुणाशी — तसं कायसुदिक न्हाई वो. तुमच्या बेदाण्याच्या कंपनीत आमच्या वळखीचं मांजरबी न्हाई. ह्यो बायोडाटा हाय साहेब. नोकरीचा अर्ज. हसू नगा, खरंच अर्ज हाय. फकस्त त्येची फाइल जरा मोठी झाली, आन मजकूर जरा पुढचा झाला. तेवढ्यासाठी बाईचा अर्ज रद्द करू नगा, लय हुशार बाई हाय.

क्रांती मॅडम? वळखतो की. न वळखायला काय झालं? येत्यात दुकानात कवाकवा. गिऱ्हाईक म्हणा — हां, गिऱ्हाईकच म्हणा.

आता तुमी म्हणाल, साध्या अर्जाची ही दशा का केली. तर ऐका, कुठल्या फाइलीत बायोडाटा पाठवायचा ह्या ईषयावर मी सकाळधरनं दिवस बुडंपर्यंत बोलू शकतो. वर्डमधी पाठवायचा का? अजिबात न्हाई. आमच्या बिराप्पाला इचारा. चांगला शिकलेला गडी, मिरजंच्या एका दवाखान्यात जागा निघाली हुती, मराठीत अर्ज केला, हितंच बसून केला, आमच्या कॉम्प्युटरवर कसा झ्याक दिसत हुता! पाठवला. तिकडं उघडला तर काय — आमचा फॉन्ट त्यांच्याकडं न्हाई, त्येच्या नावापासनं सगळी अक्षरं मोडली, डॉलर काय, टक्के काय, स्वल्पविराम काय, मुंग्यांची वारुळं नुसती! त्यास्नी वाटलं व्हायरस आला. बटण बंद करून माणूस बोलावला त्यांनी. आन बिराप्पा हिकडं नवी पँट शिवून बसलाय. तवाधरनं वर्डचं नाव काढलं की मी कानावर हात ठेवतो. मग राहिलं काय? जेपीजी — म्हंजी फोटो. आन कोरलची फाइल — म्हंजी उघडी फाइल, ज्यात आपुन डिझाइन करतो, जिच्यातनं समदं हलवता येतं, पुसता येतं, बदलता येतं. आन तिसरी तुमची ती पीडीएफ.

पीडीएफ मला सांगू नगा साहेब. पीडीएफ म्हंजी बरणीतलं लोणचं — दिसतं, पर हात घालता येत न्हाई. कुठंबी न्या, तसंच्या तसं, मान्य! पर त्यात माणसाचा रुबाब कुठं दिसतो? पांढरं पान, काळी अक्षरं, नाव, गाव, शिक्षान, संपलं. शे-दोनशे अर्ज आलं असतील तुमच्याकडं, सगळी पांढरी पानं, त्यात आमची क्रांती — क्रांती मॅडम — कुणाला दिसणार? म्हणून म्हणलं, पाठवायची तर उघडी फाइल पाठवू. तुमाला ठावं न्हाई, आमच्या धंद्यात उघडी फाइल सख्ख्या भावाला देत न्हाईत. दिली की त्यो पलूसला जातो, आपलं नाव पुसतो आन दुसऱ्याकडनं छापून आणतो. गिऱ्हाइकाला फोटो द्यायचा, त्यावर आडवं 'नमुना' लिव्हून द्यायचा, ही रीत हाय. पर तुमच्यावर इश्वास ठेवून म्या उघडी फाइल पाठवली. आन तुमच्याकडनं उत्तर काय आलं? 'फाइल उघडत नाही.' मला इतका राग आला! म्हणलं, एवढी मोठी कंपनी, बेदाणा परदेशात जातो ह्यांचा, आन साधं कोरल न्हाई कॉम्प्युटरवर?

मग फोटो पाठवला. त्यो जाईचना. सकाळी दाबलं बटण, चाक फिरतंय, फिरतंय, जेवून आलो तरी फिरतंय. का? तर साइज वीस बाय धा. फूट. मशीनला हीच साइज लावलेली असती, मी काय मुद्दाम न्हाई केली. मग मला युक्ती सुचली — त्यो मीच मला व्हाट्सपवर पाठवला. बारीक हुतो तिथं. त्यो उतरवून घेतला आन तुमास्नी मेल केला. त्यात काय झालं, बारीक अक्षरं गेली फुटून, शिक्षान-बिक्षान समदं पुसलं, मोठ्या अक्षराचं तेवढं राहिलं. म्हंजी 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' राहिलं. आन आमच्या दुकानाचा नंबर राहिला. व्हय, आन ते आडवं 'नमुना' बी राहिलं, ते आपोआप पडतं.

आता मजकुराचं सांगतो. तसा मी डिझायनर माणूस. रंग कुठला, फोटो कुठं, कुणाचं तोंड कुणाच्या शेजारी न्हाई बसवायचं, हे माझ्या डोक्यात. टायपिंग ह्यो येगळा ईषय हाय. माउसवर माझा हात बसलाय, कीबोर्डवर — तसा मी हात घालत न्हाई. मग मजकूर आणायचा कुठनं? तर आमच्या गावचा पुढारी नाथाजी, त्येच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स पडला हुता कॉम्प्युटरमधी, आन सोसायटीवर कुणाची तरी निवड झालेली, त्येचा एक. दोन्हीतनं थोडं थोडं उचललं, नाव-शिक्षान मॅडमच्या एका जुन्या फाइलीतनं. 'निवड झाल्याबद्दल' तिथनं आलं. 'युवकांचे आशास्थान' नाथाजीचं. 'गोरगरिबांच्या हाकेला धावणाऱ्या' — ते आधी 'धावणारे' हुतं, पर तेवढं एक अक्षर जुळवून घेतलं माउसनं, दुसऱ्या शब्दातनं उचलून. अर्धा दिवस गेला त्यात. आन म्हणलं, आधीच अभिनंदन केलं तर वाईट काय? चांगलं बोललं की चांगलं हुतं.

कोन? ह्यो मिशावाला, कानाला मोबाइल लावलेला? ह्योच नाथाजी. त्यो चुकून राहिला त्यात. त्येच्या मागं सगळा उजेड लावलाय ना, किरणं-किरणं, त्येला काढलं की किरणंबी जात हुती. ठेवला मग. तुमच्या मालकास्नी काय वाटलं, ह्योच क्रांतीताई? आरं देवा! न्हाई न्हाई, क्रांती ही, हितं डावीकडं. कपाळावर ती मोत्यांची लड दिसती व्हय — मुंडावळ्या. लग्नातला फोटो. कापल्या हुत्या मी मुंडावळ्या, एका बाजूची राहिली. तेवढाच एक फोटो बरा हुता माझ्याकडं, बाकीच्यात ती माझ्याकडं बघून चिडलेली हाय.

माझ्याकडं म्हंजी — दुकानात. दुकानाकडं बघून. जाऊ द्या, च्या सांगतो तुमाला. घरचाच पाजला असता, मागं घरच हाय, पर घरात कोन न्हाई, ती माहेरला—

बरं. आता लपवून काय उपेग, तुमाला कळलंच असंल, तुमी काय दूधखुळं न्हाई. बायको हाय साहेब माझी. सौ. क्रांती धैर्यशील, आन मी धैर्यशील. नवऱ्यानं शिफारस केलेली हापिसात चालत न्हाई असं कुणीतरी म्हणलं म्हणून मघाधरनं मॅडम मॅडम करत बसलो, जीभ दुखायला लागली. जेवताना म्हणाली हुती, तासगावला बेदाण्याच्या कंपनीत हापिसात जागा निघालीया, मी अर्ज करणार हाय. म्हणलं, कर की! मला लय आनंद झाला. खोटं न्हाई सांगत. आमच्या सगळ्या घराण्यात बाईमाणसानं नोकरीचा अर्ज केलेला न्हाई कवा. म्हणलं, हिचा अर्ज असा करतो, असा करतो की हिला आश्चर्याचा धक्का बसला पायजे.

बसला. लय जोरात बसला. का, तर फाइल तयारच हुती, मशीन रिकामं हुतं, आन कापड बी उरलेलं — मी त्यो छापला. स्टँडवर लावला. वीस बाय धा. ती गेली हुती माहेरला, तासगावला, आईचं औषध घेऊन. परत आली. यष्टी स्टँडात शिरली आन खिडकीतनं तिला काय दिसलं — मुंडावळ्या बांधलेली ती सोताच, शेजारी मोबाइल लावलेला नाथाजी, मागनं किरणं, आन खाली 'निवड झाल्याबद्दल'! गाडीतल्या बायका उठून तिचं अभिनंदन करायला लागल्या. कंडक्टरनं पेढं मागितलं. खाली उतरलीच न्हाई साहेब. त्याच गाडीनं माघारी गेली तासगावला. जाताना एकच फोन केला, एकच वाक्य बोलली — 'अजून अर्जाचं उत्तर न्हाई, आन तुमी मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई.' ठेवला फोन. म्या तवाच पळत जाऊन त्यो फ्लेक्स उतरवला. खरं तर अर्धा उतरवला, अर्ध्याला नाथाजीची पोरं आडवी आली, म्हणाली आमच्या भाऊंचा फोटो फाडायचा न्हाई.

तर साहेब, असं हाय. माझ्या ह्या उद्योगापायी जर तिचा अर्ज रद्द झाला, तर ती परत यायची न्हाई. आली तर मला घरात घ्यायची न्हाई. घर माझ्या नावावर हाय, त्येचा काय उपेग हुत न्हाई, तुमचं लग्न झालं असंल तर तुमाला ठावं असंल. आन नोकरी लागली, तरी माझी धाकधूक हायच — नोकरी तासगावला, माहेर तासगावला, मग कुंडलला राहिलं काय? मी राहिलो. मी काय एवढा मोठा माल न्हाई की त्यासाठी कुणी रोज यष्टीनं परत यावं. तरीबी म्हणतो, लागू द्या तिला. ह्या फोटोत तिचा हात न्हाई. अपात्र करायचं तर मला करा. मला कुठल्याबी कंपनीत अपात्र करा, मी सही देतो.

काय म्हणला? आणिक एक अर्ज हाय? कुणाचा — तिचाच? तुमच्याकडं? कवा आला? माझ्या आधी! आवं मग मघाधरनं मला का बोलू दिलं एवढं? दावा, दावा. ह्यो तिचा? ह्येच्यात तर कायच न्हाई. एकच पान. रंग न्हाई, किनार न्हाई, फोटो एवढासा, त्यो बी पोस्टाच्या तिकिटाएवढा. कधी काढला ह्यो फोटो? बरा आलाय की. चिडलेली न्हाई ह्येच्यात. आन ही पीडीएफ हाय व्हय? उघडली पटकन. लोटलेलं दार उघडावं तशी उघडली, बोट लावलं की. अक्षरंबी फुटली न्हाईत. हूं.

थांबा, वाचू द्या. नाव. शिक्षान, बरोबर. अनुभव — 'धैर्य डिजिटल, कुंडल. लग्नापासून आजपर्यंत.' आता बघा, ह्यो अनुभव झाला व्हय? घरचंच दुकान, त्यात कसला अनुभव. 'मराठी व इंग्रजी टायपिंग.' हां, ते करती ती. 'डिझाइन.' डिझाइन मी — बरं, मी सांगतो आन ती करती. मी मागं उभा राहून सांगतो. 'गिऱ्हाइकांशी बोलणं, राग आलेल्या गिऱ्हाइकांची समजूत घालणं.' ते तर तीच करती, मी बोलायला लागलो की गिऱ्हाईक उठून जातं, तुमी तेवढं बसलाय. 'हिशेब.' व्हय. 'छपाईच्या मशीनची किरकोळ दुरुस्ती.' ही मात्र थाप हाय साहेब, मशीन मी — न्हाई. न्हाई न्हाई. पट्टा तुटला तवा तिनंच बसवला. मी बॅटरी धरली हुती. आन शाईच्या नळ्या तीच धुती, माझ्या हातनं एकदा पिवळी काळीत गेली तवापासनं.

सगळंच खरं लिव्हलंय की हिनं. एक शब्द वाढवला न्हाई. मी एवढी किरणं लावली, आशास्थान काय, हाकेला धावणाऱ्या काय, आन ह्यातलं एकबी माझ्या फ्लेक्सवर न्हाई. मला सुचलंच न्हाई लिवायला. समोर बसून करत हुती रोज.

खाली काय हाय? 'मालकाचं नाव — धैर्यशील.' मालक! नवरा न्हाई लिव्हलं, मालक लिव्हलं. बरं, अर्जात तसंच लिवत असतील. 'सध्याचं काम सोडण्याचं कारण' — 'पुढे वाढायला वाव नाही.'

वाव न्हाई.

न्हाईच हाय वो. बघा ना तुमीच, हितं कुठं वाढायची ती? हिकडं मशीन, तिकडं कापडाचं गठ्ठं, मधल्या जागंत मी. रागावून न्हाई लिव्हलं हे तिनं, ही पाठवलीया भांडणाच्या आधी. म्हंजी शांत डोक्यानं लिव्हलंय. त्येचंच जास्त लागलं मला.

मग आता रद्द न्हाई ना साहेब? हां? मालकास्नी सांगाल तुमी? सांगा, असा एक येडा माणूस हाय कुंडलला, त्येनं केलं, तिचा संबंध न्हाई. आन मुलाखत? ती झाली की तिची काल फोनवर? मला बोलली न्हाई. कशी झाली? ...व्हय? खरं म्हणता? ...मग अडलंय कुठं? दाखला? अनुभवाचा दाखला, मालकानं सही केलेला. म्हंजी मी द्यायचा. त्येच्यासाठीच आला हुता व्हय तुमी, फोटोचं नुसतं निमित्त! आधी सांगायचं न्हाई का! देतो की, हा आत्ता देतो, सही-शिक्का सगळं हाय, शिक्का तर गोल हाय. कागदावर नगं? मेलवर? आज सांजंपर्यंत? आन पीडीएफच पायजे. फोटो चालणार न्हाई. बरं बरं, चालणार न्हाई कळलं, त्येच्यावर 'नमुना' पडतो.

त्यात काय अवघड हाय! हे बघा, कॉम्प्युटर चालू. आता हे उघडलं. हे पान. आता ही — ही पीडीएफ — हितंच कुठंतरी असतीया. फाइलमधी असंल. न्हाई. ह्या बाजूला असंल. हे काय झालं? सगळं मोठं झालं. साहेब, तुमाला येती का? न्हाई? तुमच्याकडंबी कुणीतरी बाईच करून देती व्हय! मग रागवायला कशाला येताय मोटारसायकल घेऊन!

थांबा, फोन लावतो. उचलंल का न्हाई देव जाणे... हॅलो? हां, मीच. ठेवू नगंस! भांडायला न्हाई केला, कामाचा हाय, हितं तुझ्या कंपनीचं साहेब बसल्यात. न्हाई, काय बोललो न्हाई मी, दोन शब्द बोललो. ऐक, पीडीएफ कुठनं करायची? ...हसतीस काय? अगं साहेबासमोर हसू नगंस, आवाज भाइर येतोय. दाखला मागत्यात, तुझ्या अनुभवाचा. तूच करून पाठव की तिथनं, माझी सही हाय तुझ्या मोबाइलमधी, तुला ठावं हाय कुठं ती... न्हाई म्हणतीस? का? ...व्हय, मालकानंच द्यायचा असतो, मान्य. पर मला कीबोर्ड... व्हय, ठावं हाय तुला ठावं हाय. काय लिवू मग? 'हाकेला धावणाऱ्या'? ...बरं बरं, न्हाई लिवत. खरं तेवढं लिवू. आन झाल्यावर? ...फाइल. मग 'सेव्ह ॲज'. मग खाली खाली जायचं. मग पीडीएफ. मग बटण. एवढंच? एवढंच हुतं व्हय ते? ...यष्टी किती वाजता सुटती तिथनं? न्हाई, सहज इचारलं. ठेव. ठेव, लिवायचंय मला.

साहेब, तुमी निघा आता. मेल येतो मागनं. पीडीएफच येईल, काळजी करू नगा, पर घाईबी करू नगा, एका बोटानं हाय हे. 'दा' सापडला. 'ख' कुठं गेला? च्या ऱ्हायला तुमचा, पुढच्या बारीला या, घरचा पाजतो. तिला काय काय येतं ते पहिल्यापासनं सगळंच लिवायचंय मला, लय वेळ जाईल. जावा. आन असं दारात उभं राहून बघू नगा वो, कुणी बघाय लागलं की बोट चुकतंय माझं.